पिंजऱ्यातला जिताडा आणि टोपलीतली तारली

समुद्रातील मासळी घटत आहे, खाणारी तोंडे वाढत आहेत, तेव्हा यापुढे मासे पकडण्यापेक्षा मासे पाळणे हाच खरा मार्ग आहे, असा विचार गेली काही वर्षे सरकारी अहवालांतून, बँकांच्या माहितीपत्रकांतून आणि मंत्र्यांच्या भाषणांतून सातत्याने मांडला जात आहे. वरवर पाहता त्यात वावगे काहीच नाही. जमिनीवर माणूस शिकार सोडून शेतीकडे वळला, तसाच तो समुद्रातही वळेल, हे ऐकणाऱ्याला सहज पटते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली पाळलेल्या जलचर प्राण्यांचे जागतिक उत्पादन ९ कोटी ४४ लाख टनांवर गेले आणि इतिहासात प्रथमच ते पकडलेल्या जलचरांहून अधिक भरले. या आकड्याचा डंका सर्वत्र वाजला.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ साली विशाखापट्टणमजवळ खुल्या समुद्रात पहिला पिंजरा सोडला. मंडपम येथील तिच्या केंद्रात २०१० साली कोबिया आणि २०११ साली पॉम्पानो या माशांचे बंदिस्त प्रजनन साधले. २०२० साली सुरू झालेल्या, २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्री पिंजऱ्यांसाठी चाळीस टक्के आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी साठ टक्के अनुदान ठेवण्यात आले. शास्त्रज्ञांच्या या कामगिरीचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर या साऱ्या योजनेच्या मुळाशी असायला हवे, तो प्रश्न सभा-संमेलनांतून क्वचितच विचारला जातो. पिंजऱ्यातल्या या माशांनी खायचे काय?

शेतीची उपमा कोठे तुटते

माणसाने शेती सुरू केली तेव्हा त्याने गाय पाळली, शेळी पाळली, कोंबडी पाळली. माणसाला जे पचत नाही ते गवत, तो पाला, तो कोंडा खाऊन या प्राण्यांनी त्याला दूध, मांस आणि अंडी दिली. वाघ पाळून त्याचे मांस खाण्याचा उद्योग कोणत्याही समाजाने केला नाही, कारण वाघाला एक शेर वाढवण्यासाठी कित्येक शेर मांस खाऊ घालावे लागले असते. तळ्यातले रोहू, कटला, मृगळ हे मासे या अर्थाने गायीच्या जातीचे आहेत. पाण्यातली सूक्ष्म वनस्पती, सूक्ष्म जीव, गाळ, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर ते वाढतात. वर सांगितलेल्या जागतिक आकड्यात या गोड्या पाण्यातील माशांचा आणि काहीच खाऊ न घालता वाढणाऱ्या शिंपल्यांचा वाटा फार मोठा आहे, हे डंका वाजवणारे सांगत नाहीत.

खाऱ्या पाण्यात ज्या माशांना मोठा भाव आहे, ते बहुतेक वाघाच्या जातीचे आहेत. नॉर्वेचा सामन, भूमध्य समुद्रातला ट्यूना, भारतातला कोबिया आणि जिताडा हे सारे मांसाहारी आहेत. त्यांच्या खाद्यात चाळीस ते पन्नास टक्के प्रथिने लागतात. पिष्टमय पदार्थ त्यांना नीट पचत नाहीत. ज्वारी-मका कितीही स्वस्त असला तरी त्यावर हे मासे पोसता येत नाहीत. प्रथिनांतही दहा अमिनो आम्ले अशी आहेत, की ती माशाला बाहेरून आयतीच मिळावी लागतात, आणि लायसीन, मेथिओनीन यांसारखी काही आम्ले वनस्पतिजन्य प्रथिनांत अनेकदा अपुरी असतात. सोयाबीनचे प्रमाण फार वाढवले तर सामनच्या आतड्याला सूज येते, हे संशोधकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे.

याहूनही अवघड गोष्ट स्निग्धांशाची आहे. ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांसाठी डॉक्टर श्रीमंत रुग्णांना मासे खायला सांगतात, ती मुळात मासा तयारच करत नाही. ती समुद्रातील सूक्ष्म वनस्पती तयार करतात. त्या वनस्पती सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना तारली व मांदेली खातात, आणि तारलीला जिताडा खातो. या साखळीतून ती स्निग्धाम्ले वर सरकत जातात. बहुतेक समुद्री मांसाहारी माशांना साध्या वनस्पती तेलापासून ती पुरेशा प्रमाणात घडवता येत नाहीत. म्हणून पिंजऱ्यातील माशाच्या खाद्यात माशाचे पीठ, म्हणजे मत्स्यचूर्ण, आणि माशाचे तेल या दोन गोष्टी येतात. माणूस पाळतो एक मासा आणि त्यासाठी दुसरा पकडतो.

हिशेब साधा आहे. ओली मासळी शिजवून, दाबून, वाळवून, दळली की शंभर किलोंमागे बावीस ते चोवीस किलो चूर्ण आणि सुमारे पाच किलो तेल हाती येते. म्हणजे एक किलो चूर्णाला चार-साडेचार किलो मासळी लागली. एखाद्या पिंजऱ्यात एक किलो मासा वाढवायला पावणेदोन किलो गोळीखाद्य लागते आणि त्यात तीस टक्के मत्स्यचूर्ण आहे असे धरले, तर त्या एका किलोसाठी सव्वादोन ते अडीच किलो लहान मासळी खर्ची पडली. गोळीखाद्य महाग पडते म्हणून पुष्कळ ठिकाणी पिंजऱ्यात ताजी तारली नुसतीच चिरून टाकतात. तेथे एका किलोमागे पाच-सहा किलो, कधी त्याहूनही अधिक मासळी लागते. भूमध्य समुद्रात पुष्ट केल्या जाणाऱ्या ट्यूनाच्या बाबतीत तर हे प्रमाण दहा किलोंच्याही पुढे जाते. आठवडाबाजारात कोळणीच्या टोपलीत जी मासळी वाट्यावर विकली जाते, तीच येथे मोठ्या हॉटेलातल्या एका तुकड्यासाठी भरडली जाते.

पेरूचा धडा

मत्स्यचूर्णाच्या उद्योगाचा इतिहास नवा नाही, आणि त्यातून मिळणारा धडाही नवा नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यालगत अँचोव्हेटा नावाचा मांदेलीच्या कुळातला लहान मासा अमाप मिळतो. कॅलिफोर्नियातील तारलीचा साठा दुसऱ्या महायुद्धानंतर कोसळला, तेव्हा तेथील बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रे पेरूला गेली. पेरूत एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यांचे चूर्ण अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कोंबड्यांना व डुकरांना जाऊ लागले. वर्षाला सुमारे ९५ लाख टनांपलीकडे मासळी काढू नये, असा इशारा शास्त्रज्ञांनी दिला होता. १९७० साली ती १ कोटी २० लाख टनांच्याही पुढे काढण्यात आली.

१९७२ साली एल निनोचे उष्ण पाणी किनाऱ्याला लागले आणि आधीच पोखरलेला साठा कोसळला. १९७३ साली पकड २० लाख टनांच्या आसपास आली. ज्या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवर, म्हणजे ग्वानोवर, पेरूने एकोणिसाव्या शतकात संपत्ती मिळवली होती, ते पक्षी उपासमारीने लाखोंनी मेले. त्याच वर्षी जनरल व्हेलास्को यांच्या सरकारने हा सारा उद्योग राष्ट्रीय मालकीचा केला. पण राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा समुद्रात मासा उरला नव्हता, आणि कर्जबाजारी कारखान्यांचे ओझे मात्र सरकारच्या माथी बसले. नफा खाजगी राहिला, तोटा सार्वजनिक झाला. पुढे १९९० नंतरच्या दशकात तो उद्योग पुन्हा खाजगी हाती गेला.

साठा नंतर काही अंशी सावरला. मात्र त्या माशाचा उपयोग बदलला नाही. अँचोव्हेटा आजही जवळजवळ सगळाच चूर्णासाठी जातो. फरक इतकाच की पूर्वी तो कोंबड्यांकडे जात होता, आता तो मुख्यतः पाळीव मासे आणि कोळंबी यांच्याकडे जातो. २०२३ साली लहान पिल्लांचे प्रमाण फार आढळल्याने पेरूला आपला पहिला हंगाम रद्द करावा लागला आणि जगभर मत्स्यचूर्णाचे व तेलाचे भाव भडकले. याच देशात सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांत सुमारे चाळीस टक्क्यांना रक्तक्षय आहे. लोहाने आणि प्रथिनांनी भरलेला मासा दारातून परदेशी जातो आणि घरातले मूल पांढरे फटक पडते. बाजाराचा न्याय म्हणतात तो हाच.

पेरूचा माल अपुरा पडू लागला तेव्हा चूर्णाच्या व्यापाऱ्यांची दृष्टी पश्चिम आफ्रिकेकडे वळली. मॉरितानिया, सेनेगल आणि गांबिया या देशांच्या किनाऱ्यावर सार्डिनेला आणि बोंगा हे तारलीचे भाऊबंद मिळतात. तेथील गरिबांचे प्राणिजन्य प्रथिन म्हणजे मुख्यतः हाच मासा. तेथेही कोकणातल्याप्रमाणेच पुरुष मासा आणतात आणि स्त्रिया तो धुरावर भाजून, वाळवून आतल्या गावांत विकतात. चूर्णाचे कारखाने आले आणि होडी किनाऱ्याला लागण्यापूर्वीच सौदा होऊ लागला. भट्टीपाशी बसलेल्या बाईला मासा मिळेना, मिळाला तर परवडेना. गांबियातील गुंजूर येथे २०१७ साली कारखान्याशेजारच्या खाजणाचे पाणी लाल झाले आणि मासे मरून तरंगले, तेव्हा गावातल्या तरुणांनी आंदोलन उभारले. ग्रीनपीस आफ्रिका आणि चेंजिंग मार्केट्स या संस्थांच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे या प्रदेशातून वर्षाला पाच लाख टनांहून अधिक ताजी मासळी चूर्ण-तेलासाठी जाते, आणि तेवढ्यावर ३ कोटी ३० लाख माणसांची गरज भागू शकते. ते चूर्ण आणि तेल युरोपातल्या व आशियातल्या मत्स्यशेतीत पोहोचते.

आपला किनारा

हे सारे दूरदेशी चालले आहे, असे समजण्याचे कारण नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मालपे-मंगळूर, गोवा, रत्नागिरी, वेरावळ आणि पोरबंदर या पट्ट्यात मत्स्यचूर्णाचे कारखाने आहेत. पूर्वी हंगामात तारली इतकी लागे, की खाऊन उरलेली नारळाच्या बुंध्याला खत म्हणून घातली जाई. अतिरिक्त मासळीचा तो शेवटचा उपयोग होता. कारखाना आला की तो शेवटचा राहत नाही, पहिला होतो. कारखान्याला वर्षभर माल लागतो, आणि लहान-मोठे, पिल्लू-प्रौढ हा भेद त्याला नसतो. पीठ कशाचेही होते. ज्या पिल्लांना बाजारात पूर्वी कोणी हात लावत नव्हते, त्यांनाही गिऱ्हाईक मिळाले की बारीक आसाचे जाळे ओढणे फायद्याचे ठरते.

केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ती ३,२९७ टनांवर आली. सागरी मत्स्य संशोधन संस्था या घसरणीमागे समुद्राच्या तापमानाचे, पावसाचे आणि एल निनोचे फेरफारही सांगते, आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण निसर्ग तुटीचे वर्ष आणतो तेव्हा साठ्यात पुढच्या वर्षीची पिल्ले शिल्लक असावी लागतात. तीच जर पिठात गेली असतील, तर दोष एकट्या निसर्गाचा म्हणता येत नाही. महाराष्ट्रात २०१९ साली सागरी मासळीचे उत्पादन २ लाख १ हजार टनांवर घसरले. गेल्या पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता. त्यानंतर २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. हा निर्णय योग्यच आहे. परंतु बंदरावर गरीब मच्छीमाराची टोपली तपासणारा अधिकारी कारखान्याच्या फाटकातून आत जाणारा ट्रक तपासणार नसेल, तर त्या निर्णयाचा उपयोग काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू पोटाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात पाच वर्षांखालील पस्तीस टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या चोपन्न टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तारली, मांदेली, जवळा ही मासळी याच माणसांचे अन्न आहे. जवळा तर सगळाच खाल्ला जातो आणि मांदेली काट्यासकट. त्यातून प्रथिनांबरोबर चुना, लोह आणि जीवनसत्त्वेही मिळतात. सुकवली तर ती घाटावरच्या बाजारात, आदिवासी पाड्यांवर, पावसाळ्याच्या चार महिन्यांतही पुरते. पापलेट आणि सुरमई मध्यमवर्गाच्या हातून केव्हाच निसटली. आता तारलीही गरिबाच्या हातून जात असेल, तर तिच्या मोबदल्यात पिंजऱ्यातला जिताडा त्याच्या ताटात येणार आहे का? तो मुंबई-पणजीच्या हॉटेलांत जाईल किंवा बर्फात बसून निर्यात होईल. उत्पादनाच्या तक्त्यात मासळी वाढलेली दिसेल आणि गावच्या बाजारात ती कमी झालेली असेल.

काही आक्षेप

या विवेचनावर घेतले जाणारे आक्षेप प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की चूर्णाला जाणारी मासळी माणसाच्या खाण्याजोगी नसतेच. टिम कॅशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली केलेल्या अभ्यासात याच्या उलट चित्र दिसले. १९५० ते २०१० या काळात माणसाच्या थेट खाण्याखेरीज इतर कामांसाठी गेलेल्या मासळीपैकी सुमारे नव्वद टक्के मासळी खाण्यायोग्य होती. ट्रॉलरच्या खणात बर्फाविना दिवसचे दिवस पडून सडलेली मासळी खाण्याजोगी राहत नाही, हे खरे. पण ती सडू देणे हा त्या मासळीचा गुणधर्म नव्हे. बर्फाची, वाळवणाच्या ओट्यांची आणि वाहतुकीची सोय न केल्याचा तो परिणाम आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विज्ञान पुढे गेले असून खाद्यातील मत्स्यचूर्णाचे प्रमाण झपाट्याने घटले आहे, असे सांगितले जाते. तेही खरे आहे. नॉर्वेच्या सामनच्या खाद्यात १९९० च्या सुमारास नव्वद टक्के घटक समुद्रातले होते. २०२० साली ते सुमारे बावीस टक्के उरले. जगात चूर्णासाठी जाणारी मासळी १९९४ साली तीन कोटी टनांहून अधिक होती, ती २०२२ साली १ कोटी ७० लाख टनांच्या आसपास आली. आज सुमारे एक तृतीयांश चूर्ण माशांची डोकी, काटे आणि आतडी यांपासून बनते. ही प्रगती नाकारण्यात अर्थ नाही.

पण प्रमाण घटले म्हणजे गरज घटली, असे होत नाही. नॉर्वेचे सामनचे उत्पादन याच तीस वर्षांत दीड लाख टनांवरून सुमारे चौदा लाख टनांवर गेले. नऊपट वाढलेल्या कळपाला चौथा हिस्सा घातला, तरी एकूण खप पूर्वीच्या दुपटीहून अधिक होतो. शिवाय मासळीच्या जागी जे घातले जाते ते आकाशातून पडत नाही. नॉर्वेच्या खाद्यातले सोयाबीन मुख्यतः ब्राझीलच्या जमिनीतून येते. म्हणजे समुद्रावरचा भार जमिनीवर आला. सोयापेंडीला जागतिक मागणी वाढली म्हणून सोयाबीन पिकवणाऱ्याचे भले होते, असेही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना त्याहून कितीतरी कमी दराने सोयाबीन विकले, हा ताजा अनुभव आहे. आणि वनस्पती तेलावर पोसलेल्या माशाच्या अंगी पूर्वीचा गुणही राहत नाही. स्कॉटलंडमधील पाळीव सामनमधील ओमेगा-३ स्निग्धाम्ले २००६ ते २०१५ या काळात निम्म्याने घटल्याचे स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवले. ज्या गुणासाठी मासा महाग, तोच गुण खाद्याबरोबर कमी झाला.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. पिंजरा मच्छीमाराला पूरक उत्पन्न देईल, असे म्हटले जाते. तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा असेल, खाडीच्या किंवा किनाऱ्याच्या पाण्यावर तिचा हक्क असेल, तर देईलही. मात्र पिंजऱ्याच्या खर्चातला सर्वांत मोठा भाग खाद्याचा असतो. खाद्य कंपनीचे, बोटुकली दुसऱ्या कंपनीची, विक्री तिसऱ्याकडे, अशी रचना झाली, तर पिंजऱ्याच्या मालकाची अवस्था कराराने कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यासारखी होईल. रोगाचा, वादळाचा आणि भाव पडण्याचा धोका त्याच्या पदरी, आणि निश्चित नफा इतरांच्या. पाण्यात टाकलेले जे खाद्य मासा खात नाही ते तळाशी कुजते. खाडीतल्या कालवांवर आणि खेकड्यांवर पोट भरणाऱ्यांचे त्याने नुकसान होते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

मागणी कोणती असावी

याचा अर्थ समुद्रशेतीलाच विरोध करावा, असा नाही. जुनी व्यवस्था तेवढी निर्दोष, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. पर्ससीन आणि ट्रॉलर यांनी किनारा ओरबाडला, तो काही पिंजऱ्यांमुळे नव्हे. प्रश्न इतकाच आहे की जनतेचा पैसा कोणत्या माशामागे लावायचा.

समुद्रात असे पुष्कळ जीव आहेत, ज्यांना घासभरही घालावे लागत नाही. कालवे आणि शिनाणे पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात आणि वाढतात. सिंधुदुर्गाच्या खाड्यांतून महिला बचत गटांनी त्यांच्या शेतीचे प्रयोग केले आहेत. समुद्रशैवालाला सूर्यप्रकाश आणि पाणी पुरते. बोई, ज्याला दक्षिणेकडे शेवटा म्हणतात, तो शैवाल आणि गाळावर जगतो. रायगडच्या खारेपाटात शेताच्या तळ्यात जिताडा पाळण्याची जी जुनी रीत आहे, तीही घरच्या आणि गावच्या गरजेपुरती असल्याने कोणाच्या ताटातले ओढून घेत नाही. अनुदानाचा मोठा हिस्सा या जीवांकडे आणि त्यांना वाढवणाऱ्या सहकारी संस्थांकडे जावा, ही पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी मागणी अशी की मांसाहारी माशांच्या प्रत्येक पिंजऱ्याला मंजुरी देण्यापूर्वी त्याचे खाद्य कोठून, किती आणि कशापासून येणार, हे लिहून घ्यावे. माणसाच्या खाण्याजोगी ताजी मासळी चिरून घालणाऱ्या प्रकल्पाला सार्वजनिक पैशातून एक रुपयाही देऊ नये. मासळी प्रक्रिया कारखान्यांत उरणारी डोकी आणि काटे, किड्यांच्या अळ्या, यीस्ट, सूक्ष्म शैवाल यांपासून खाद्य बनवण्याचे संशोधन सार्वजनिक संस्थांत व्हावे आणि त्याचे पेटंट खाजगी कंपन्यांच्या तिजोरीत जाऊ नये.

तिसरी मागणी कारखान्यांविषयी आहे. मत्स्यचूर्णाच्या प्रत्येक कारखान्याने कोणत्या जातीची, कोणत्या आकाराची, किती मासळी कोणाकडून घेतली, याची नोंद रोजच्या रोज खुली करावी. किमान आकाराचा नियम बंदराप्रमाणे कारखान्याच्या फाटकावरही लागू व्हावा. आणि लिलावात पहिला हक्क मासळी विकणाऱ्या व सुकवणाऱ्या स्त्रियांच्या संस्थांचा असावा. त्यांनी घेऊन उरेल ते कारखान्याने घ्यावे.

चौथी मागणी ताटाची आहे. बंदरावर बर्फ, स्वच्छ ओटे आणि शीतगृहे उभारून लहान मासळी माणसाच्या खाण्यासाठी टिकवावी. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत सुक्या मासळीच्या पिठाचा प्रयोग करण्यात आला. मासळीचे पीठ करायचेच असेल, तर ते जिताड्याच्या पिंजऱ्याआधी अंगणवाडीतल्या मुलाच्या वाटीत का पडू नये? जी मुले मासळी खातात, त्यांच्यापुरता तरी हा प्रयोग कोकणात आणि आदिवासी भागात करण्यास शासनाला कोणती अडचण आहे?

या मागण्यांसाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही, संघटनेची आहे. किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यांनी आजवर ट्रॉलरविरुद्ध आणि पर्ससीनविरुद्ध लढे दिले. ती लढाई मासा कोण पकडतो याची होती. यापुढची लढाई पकडलेला मासा कोणाच्या पोटात जातो याचीही असणार आहे, आणि ती एकट्या मच्छीमारांना लढता येणार नाही. घाटावरच्या बाजारात सुकी मासळी घेणारा शेतमजूर, कामगार वस्तीतली गृहिणी, अंगणवाडी सेविका आणि सोयाबीनच्या भावासाठी भांडणारा शेतकरी हे सारे एकाच साखळीत अडकलेले आहेत. त्यांना एकमेकांची ओळख करून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. त्याची सुरुवात आपल्या तालुक्याच्या बंदरावर पहाटे उभे राहून, किती टोपल्या बाजाराकडे गेल्या आणि किती ट्रक कारखान्याकडे गेले, हे मोजण्यापासून करता येईल.